रविवारचे प्रवचन घरपोच: आमच्या धर्मग्रामाच्या ध्वनिमुद्रण सेवेविषयी

दर रविवारी दुपारी बाराच्या सुमारास आमच्या धर्मग्रामाकडून (पॅरिशकडून) व्हॉट्सअ‍ॅपवर एक ध्वनिमुद्रण येते. सकाळच्या मिस्सेत, म्हणजे देवळातल्या कॅथलिक उपासनेत, फादरांनी केलेले प्रवचन त्यात असते. प्रवचनाची लांबी आठ ते दहा मिनिटांची. सोबत संगीत नाही, चित्र नाही, वर्गणीचे आवाहन नाही. वसईतल्या एका साध्या धर्मग्रामाने चालवलेली ही विनामूल्य सेवा मी गेली तीनेक वर्षे माझ्या आईसाठी लावून देते आणि तिच्याशेजारी बसून स्वतःही ऐकते. ही सेवा कशी आहे, कोणाच्या उपयोगी पडते आणि तिच्यात काय उणे आहे, हे इतर ठिकाणच्या श्रोत्यांना आणि विशेषतः असे काही सुरू करण्याच्या विचारात असलेल्या धर्मगुरूंना कळावे, म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे. धर्मग्रामाचे आणि फादरांचे नाव मी देत नाही, कारण पुढे काही तक्रारीही करायच्या आहेत आणि त्या व्यक्तीबद्दलच्या नाहीत.

आई १९४३ सालची. २०२२ च्या पावसाळ्यात ओट्यावर पाय घसरून तिचे खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली, पण तेव्हापासून तिचे चालणे पलंगापासून न्हाणीघरापर्यंतच उरले आहे. देऊळ, म्हणजे आमचे चर्च, घरापासून दहा मिनिटांच्या वाटेवर आहे, घंटा स्पष्ट ऐकू येते, आणि नेमके तेच तिला जड जाते. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी ख्रिस्तप्रसाद (मिस्सेतली पवित्र भाकर) घरी येतो, त्याचा तिला फार मोठा आधार आहे. परंतु रविवार मात्र रिकामा गेल्यासारखा वाटत असे. एकदा तिने मला सांगितले की तिच्या लहानपणी सगळी मिस्सा लॅटिनमध्ये असायची, फादर लोकांकडे पाठ करून वेदीकडे तोंड करत, आणि त्या सबंध तासाभरात आम्हा वाडीतल्या लोकांना कळणारी एकच गोष्ट म्हणजे मराठीतले प्रवचन. जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ च्या डिसेंबरात उपासनेविषयीचे संविधान संमत केले, लोकभाषेला दार उघडले, आणि त्याच संविधानात असेही नमूद केले की रविवारच्या व सणाच्या लोकांसह होणाऱ्या मिस्सेत गंभीर कारणावाचून प्रवचन वगळले जाऊ नये. त्यानंतरची पन्नासहून अधिक वर्षे आईने संपूर्ण मिस्सा मराठीत ऐकली. आता पुन्हा तिच्या वाट्याला तेवढे प्रवचनच उरले आहे. ही सेवा मी एवढ्या बारकाईने का तपासते आहे, ते यावरून लक्षात यावे.

सेवेचा आरंभ टाळेबंदीतला आहे. देशभर टाळेबंदी लागू झाल्यानंतरचा पहिला रविवार २९ मार्च २०२० रोजी आला. प्रायश्चित्तकाळाचा (ईस्टरपूर्वीच्या उपवासाच्या दिवसांचा) तो पाचवा रविवार होता आणि त्या दिवशीचे शुभवर्तमान (येशूच्या चरित्रातला मिस्सेत वाचला जाणारा उतारा) लाजराच्या पुनरुत्थानाचे होते. देवळाला कुलूप, रस्ते ओस, आणि आमच्या तेव्हाच्या फादरांनी स्वतःच्या खोलीत बसून फोनवर केलेले सात मिनिटांचे मुद्रण. त्यात लाजराच्या बहिणी मार्था आणि मरिया यांच्या घरी शोक करायला लोक आले होते, असे शुभवर्तमान सांगते, यावर ते थांबले, कारण त्या आठवड्यात आमच्याकडे मयताला जायलाही बंदी होती. पुढे १६ नोव्हेंबर २०२० रोजी महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळे उघडली, मध्ये पुन्हा बंद झाली, २०२१ च्या ऑक्टोबरात कायमची खुली झाली. ओळखीच्या अनेक ठिकाणी तेव्हा सुरू झालेली प्रक्षेपणे आणि मुद्रणे त्यानंतर हळूहळू थांबली. आमच्याकडे मात्र फादर बदलले तरी हे काम चालू राहिले, आणि याचे श्रेय जितके धर्मगुरूंना, तितकेच देवळातला ध्वनिक्षेपक सांभाळणाऱ्या दोन तरुणांना आहे.

पहिल्या वर्षीची मुद्रणे खोलीतली होती, आताची वेदीजवळची आहेत, आणि या दोन प्रकारांत ऐकणाऱ्याच्या दृष्टीने बराच फरक आहे. खोलीतल्या मुद्रणात आवाज स्वच्छ असतो, शब्द न् शब्द कळतो, परंतु बोलणारा नकळत सगळ्या जगाशी बोलू लागतो. देवळातल्या मुद्रणात खोकला असतो, लहान मुलाचे रडणे असते, पंख्याची घरघर असते, तरी फादर समोरच्या माणसांकडे पाहून बोलत आहेत हे आवाजावरून कळते. ते मध्येच थांबतात, कोणाकडे तरी पाहून हसतात, एखादे वाक्य दुसऱ्यांदा सोपे करून सांगतात. आईला देवळातलेच मुद्रण आवडते. खोकल्यावरून माणूस ओळखण्याइतकी तिची आपल्या लोकांशी ओळख आहे.

याचे एक उदाहरण माझ्या मनातून जात नाही. १६ जुलै २०२३, सामान्य काळातला पंधरावा रविवार. शुभवर्तमान मत्तयच्या तेराव्या अध्यायातले, पेरणाऱ्याच्या दाखल्याचे. वसईत तेव्हा भातलावणी चालू होती. फादरांनी वाटेवर, खडकाळ जागी, काटेरी झुडपांत आणि चांगल्या जमिनीत पडलेल्या बियाण्याबद्दल बोलताना राबात भात पेरण्यापासून आवण (रोपे) उपटून चिखलात लावण्यापर्यंतचा सगळा खटाटोप सांगितला आणि विचारले की शब्द आपल्यात पेरला गेला हे खरे, पण तो उपटून दुसऱ्या जागी लावण्याची वेळ येते तेव्हा आपण तयार असतो का. चौथ्या मिनिटाच्या आसपास पाऊस आला. देवळाच्या पडवीवर पत्रे आहेत. त्यांवर पाऊस असा कोसळला की जवळजवळ पाऊण मिनिट फादरांचा शब्दही ऐकू येईना, नुसता पत्र्यांचा तडतडाट. मी ते मुद्रण पुढे सरकवायला हात लावला, तर आईने मनगट धरले. "राहू दे, बाय. हाच पाऊस आपल्या वाडीतही आला होता. मी तुला खिडकी लावून घ्यायला सांगितलं होतं, आठवतं का?" पाऊस ओसरल्यावर फादरांचा आवाज पुन्हा वर आला, तेव्हा ते पावसाबद्दलच बोलत होते.

ते पावसाबद्दल का बोलत होते, हे मात्र आम्हाला कळायला वेळ लागला, आणि माझी या सेवेविषयीची मुख्य तक्रार इथेच होती. त्या रविवारचे पहिले वाचन यशयाच्या पंचावन्नाव्या अध्यायातले होते: आकाशातून उतरलेला पाऊस जमीन भिजवल्यावाचून, तिला अंकुर फोडल्यावाचून परत जात नाही, तसाच माझ्या मुखातून निघालेला शब्द माझ्याकडे रिकामा परतणार नाही. देवळात बसलेल्या सर्वांनी ते दहा मिनिटांपूर्वीच ऐकलेले होते. म्हणून फादरांनी "तो पाऊस" एवढेच म्हटले आणि लोकांना पुरले. मुद्रण मात्र प्रवचनाच्या पहिल्या शब्दापासून सुरू होत होते. वाचने त्यात नव्हती, शुभवर्तमान नव्हते, आज कोणता रविवार आहे याचा उच्चारही नव्हता. मी कपाटातले बायबल काढले, वाचने शोधली, आईला यशयाच्या त्या ओळी वाचून दाखवल्या आणि मग आम्ही तेच मुद्रण पहिल्यापासून पुन्हा ऐकले. दुसऱ्या वेळी तो पत्र्यांवरचा पाऊस प्रवचनाचाच एक भाग झाला. पण ज्यांच्या घरी वाचून दाखवणारे कोणी नाही, ज्यांना बारीक अक्षर दिसत नाही, त्यांच्यापर्यंत त्या दिवशी अर्धेच प्रवचन पोहोचले असणार.

मिस्सेतले प्रवचन म्हणजे एखाद्या विषयावरचे व्याख्यान नव्हे. नुकत्याच वाचल्या गेलेल्या देवशब्दाचा धागा धरून ते पुढे जाते. तो शब्द काढून घेतला तर ते अधांतरी राहते. आमच्या उपासनेत वाचनांची तीन वर्षांची फेरी आहे, एका वर्षी मुख्यतः मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक, आणि योहानचे शुभवर्तमान विशेषतः प्रायश्चित्तकाळात व पुनरुत्थानकाळात. एकाच रविवारी जगभरच्या बहुतेक कॅथलिक देवळांत तीच वाचने होतात. इतकी घट्ट बांधणी असताना मुद्रणातून नेमकी वाचनेच गळावीत, ही चूक तंत्राची नसून समजुतीची होती. मुद्रण करणाऱ्या तरुणांना वाटत होते की लोकांना "फादरांचे बोलणे" हवे आहे. फाइल लहान राहावी, हाही हेतू होता. हेतू चांगला होता, पण त्यामुळे कात्री चुकीच्या जागी लागली.

तुलना करावी म्हणून मी बाहेरची काही प्रसिद्ध मुद्रणेही नियमाने ऐकली. अमेरिकेतील बिशप रॉबर्ट बॅरन यांनी २००० साली 'वर्ड ऑन फायर' ही संस्था स्थापन केली. ते सध्या मिनेसोटा राज्यातील विनोना-रॉचेस्टर धर्मप्रांताचे बिशप आहेत, आणि त्यांची रविवारची प्रवचने ध्वनिरूपात नेमाने उपलब्ध असतात. साधारण पंधरा मिनिटांत ते तिन्ही वाचने एकमेकांत गुंफतात, जुन्या करारातला संदर्भ उलगडतात, मध्ययुगीन तत्त्वज्ञ संत थॉमस अक्वायनसचा एखादा विचार सहज भाषेत आणून ठेवतात. आवाज उत्तम, मांडणी रेखीव. वाचनांचा गाभा ते प्रवचनातच सांगत असल्याने वेगळे बायबल उघडावे लागत नाही, हा मोठा गुण आमच्याकडे घेण्यासारखा आहे. त्याच राज्यातले डुलुथ इथले फादर माइक श्मिट्झ यांची प्रवचने विद्यापीठातील विद्यार्थ्यांसमोर केलेली असतात आणि ती तशीच मुद्रित होतात. १ जानेवारी २०२१ पासून त्यांनी वर्षभर रोज बायबल वाचून दाखवण्याचा जो कार्यक्रम केला, तो तिकडच्या पॉडकास्टच्या यादीत सर्वांत वर पोहोचला होता. म्हणजे नुसते शास्त्रवाचन ऐकायलाही माणसे तयार असतात. ब्रिटनमधील येशूसंघीय (जेझुइट) धर्मगुरूंनी २००६ च्या प्रायश्चित्तकाळात सुरू केलेला 'प्रे ॲज यू गो' हा उपक्रम प्रवचनाचा नाही, प्रार्थनेचा आहे, परंतु त्यात शास्त्रपाठ एकदा वाचून, मनन करून, पुन्हा एकदा वाचतात. तो दुसऱ्यांदा ऐकताना शब्द निराळेच कानी पडतात, हा अनुभव मला आमच्या पावसाच्या रविवारी योगायोगाने आला होता.

ही सगळी मुद्रणे मी माझ्यासाठी ऐकते आणि त्यांतून पुष्कळ शिकते. आईला त्यांचा उपयोग नाही, कारण तिला इंग्रजी येत नाही, आणि भाषांतर करून सांगितले तरी विद्यापीठातल्या मुलांच्या अडचणी तिच्या नव्हेत. मराठीतून चांगले कॅथलिक प्रवचन ध्वनिरूपात सातत्याने मिळणे सोपे नाही, म्हणून आमच्या धर्मग्रामाच्या आठ मिनिटांचे मोल मला मोठे वाटते. आपल्या भाषेतले ख्रिस्ती वाङ्मय पहिल्यापासून कानासाठी रचलेले आहे, हेही इथे आठवते. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापले गेले, ते ओवीत आहे, आणि ओवी ही मोठ्याने म्हणायची आणि इतरांनी ऐकायची. गोव्यात प्रवचनाला आजही शेर्मांव म्हणतात. शब्द पोर्तुगीज, पण बसून ऐकण्याची सवय आपली जुनीच.

लांबीविषयी आमच्याकडची शिस्त कौतुकास्पद आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१८ मध्ये प्रवचन दहा मिनिटांपेक्षा अधिक असू नये असे सांगितले होते आणि २०२४ च्या जूनमध्ये ते आठ मिनिटांवर आले, त्यापुढे लोकांना झोप लागते म्हणून. 'शुभवर्तमानाचा आनंद' या २०१३ च्या आपल्या प्रबोधनपत्रात त्यांनी प्रवचनाला आणि त्याच्या तयारीला कितीतरी परिच्छेद दिले आहेत. आई आपल्या मुलाशी बोलते तशी ख्रिस्तसभा प्रवचनातून बोलते, असे ते तिथे म्हणतात, आणि तयारी न करता उभे राहणाऱ्या प्रवचनकाराला बेजबाबदार ठरवतात. मुद्रणामुळे ही तयारी चटकन उघडी पडते. देवळात आपण वेदी पाहतो, फुले पाहतो, फादरांचे हातवारे पाहतो, त्यामुळे विस्कळीत प्रवचनही निभावून जाते. नुसत्या आवाजात ते निभत नाही. एकच मुद्दा तीनदा आला, गोष्ट सुरू होऊन अर्धवट सुटली, शेवट सापडेना म्हणून "आणि म्हणून माझ्या प्रिय बंधुभगिनींनो" असे चार वेळा झाले, की पलंगावरच्या माणसाला ते लगेच जाणवते. आमच्या सध्याच्या फादरांनी एकदा घरी आले असता सांगितले की ते सोमवारी सकाळी स्वतःचे मुद्रण ऐकतात. गेल्या दोन वर्षांत त्यांची प्रवचने बारा-तेरा मिनिटांवरून आठ-नऊवर आली आहेत, आणि त्यात काही हरवलेले मला तरी जाणवले नाही. कधी एखाद्या सणाला बाहेरून आलेले धर्मगुरू वीस मिनिटे घेतात. तेही मुद्रण येतेच, आणि आई तेही पूर्ण ऐकते, पण मध्ये चहा मागते.

आता उपयोगातल्या अडचणी. आवाजी निरोप लावून फोन कानाशी नेला की तो मोठ्या आवाजातून कानातल्या बारीक आवाजात जातो, ही फोनची सोय आहे. पण आजारी माणूस फोन उशीवर, गालाशी ठेवतो. उशीची कड वरच्या भागावर आली, की फोनला वाटते कान जवळ आला. पडदा काळा होतो, प्रवचन एकदम क्षीण होते, आणि ऐकणाऱ्याला वाटते की फोन बंद पडला. आई कित्येक दिवस हाका मारून मला बोलवत असे. उपाय साधा निघाला: पितळी पेला उपडा घालून त्याला टेकवून फोन उभा ठेवायचा, किंवा एखादा लहान ब्लूटूथ स्पीकर जोडायचा. धर्मग्रामाने आवाजी निरोपाऐवजी साधी ध्वनिफाइल पाठवली, तर ती कुठल्याही प्लेयरमध्ये लावता येईल आणि ही अडचण बरीच टळेल. दुसरे म्हणजे फाइलीला नाव नसते, असतो तो आकड्यांचा पट्टा. मागचे एखादे प्रवचन पुन्हा ऐकायचे म्हटले तर तारखा आठवत वर वर सरकत बसावे लागते. "आगमनकाळ (नाताळपूर्वीचे आठवडे), दुसरा रविवार" एवढे लिहायला अर्धे मिनिट पुरते. दीडपट वेगाने ऐकण्याची सोय आहे, ती मी कामाच्या घाईत दोनदा वापरली आणि मग सोडली. प्रवचनातले थांबणेही ऐकायचे असते, आणि वेग वाढवला की आधी तेच जाते.

हे मुद्रण व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीने, म्हणजे एकच निरोप अनेकांना स्वतंत्रपणे पाठवण्याच्या सोयीने, येते; तिच्याबद्दलही एक सूचना आहे. एका यादीत २५६ जणच बसतात, आणि धर्मग्रामाचा क्रमांक ज्यांनी आपल्या फोनमध्ये साठवलेला असेल त्यांनाच निरोप पोहोचतो. आमच्या आळीतल्या एका वृद्ध जोडप्याला चार महिने काहीच येत नव्हते आणि ते समजत होते की सेवा बंद झाली. क्रमांक साठवून दिल्यावर त्याच रविवारी प्रवचन आले. नाव नोंदवणाऱ्या स्वयंसेवकांनी त्या घरी जाऊन, फोन हातात घेऊन एवढे काम करून द्यावे. ज्यांना या सेवेची सर्वांत अधिक गरज आहे, त्यांनाच हे स्वतः करता येत नाही.

एक प्रसंग गंभीर होता आणि तो सांगायला हवा. एका रविवारी मुद्रण बंद करायचे राहिले. प्रवचनामागोमाग विश्वासांगीकार (श्रद्धेची सामूहिक घोषणा) झाला, मग श्रद्धावंतांच्या प्रार्थना सुरू झाल्या आणि त्यांत आजाऱ्यांची नावे, एका कुटुंबाच्या घरगुती अडचणीचा उल्लेख, सारे काही त्या फाइलीतून शेकडो फोनांत गेले. देवळात उच्चारलेली प्रार्थना आणि पुढे पुढे पाठवली जाणारी फाइल, यांत फरक आहे. एकदा गेलेला आवाज मागे घेता येत नाही. फादरांनी त्या कुटुंबाची घरी जाऊन क्षमा मागितली, पुढच्या रविवारी वेदीवरूनही मागितली, आणि तेव्हापासून पाठवण्यापूर्वी फाइल अथपासून इतिपर्यंत ऐकण्याचा नेम त्या तरुणांनी केला. आता प्रवचन बाराला येते, पूर्वी अकरालाच यायचे. हा एक तास सत्कारणी लागतो. मयताच्या मिस्सेतली प्रवचने मुद्रित करायची नाहीत, हाही निर्णय तेव्हाच झाला आणि तो मला पूर्णपणे योग्य वाटतो.

माझा भाऊ कुवेतमध्ये आहे. तिथे शुक्रवारी सुटी असते, म्हणून रविवारची उपासना शुक्रवारीही होते आणि तो शुक्रवारीच मिस्सेला जातो. दोन दिवसांनी आमच्या फादरांचे प्रवचन त्याच्याकडे पोहोचते, तेव्हा तीच वाचने त्याने आधीच ऐकलेली असतात, त्यांवर एका परक्या धर्मगुरूचे इंग्रजी प्रवचनही ऐकलेले असते. रविवारी रात्री तो फोन करतो आणि मग आई आणि तो यांची चर्चा चालते: तिकडच्या फादरांनी काय सांगितले, इकडच्यांनी काय. आजारपण, औषधे आणि पैसे यांच्यापलीकडे दोघांना बोलायला काहीतरी मिळाले आहे.

प्रवचन फोनवर मिळू लागले तर लोक देवळात येणार नाहीत, असा आक्षेप आमच्या धर्मग्राम मंडळातही घेतला गेला होता. आक्षेप खोटा नाही. ख्रिस्तसभेची शिकवण स्पष्ट आहे की रेडिओवरची, दूरचित्रवाणीवरची किंवा मुद्रित मिस्सा प्रत्यक्ष सहभागाची जागा घेत नाही. जे आजारपणामुळे किंवा आजाऱ्याच्या शुश्रूषेमुळे जाऊ शकत नाहीत, त्यांना रविवारच्या बंधनातून मोकळीक असते, आणि त्यांच्यासाठी असे ऐकणे हा आधार असतो. व्हॅटिकन रेडिओ मार्कोनी यांनी उभारला आणि १२ फेब्रुवारी १९३१ रोजी पोप अकरावे पायस त्यावरून प्रथम बोलले, तेव्हापासून ख्रिस्तसभा ही साधने वापरत आली आहे, आणि ही मर्यादाही सांगत आली आहे. आमच्या सेवेत वाचने आणि प्रवचन एवढेच येते, संपूर्ण मिस्सा येत नाही, हे म्हणूनच मला बरोबर वाटते. ते ऐकून कोणाला "माझी मिस्सा झाली" असे वाटण्याचा संभव नाही. आई तर ऐकून झाल्यावर दर वेळी म्हणते की खुर्चीवर बसवून एकदा तरी मला देवळात न्या. गेल्या नाताळात आम्ही चौघांनी मिळून तिला नेलेही.

वाचनांविषयीची विनंती मी २०२३ मध्येच लेखी दिली होती. तिला वेळ लागला, पण ती मान्य झाली. ३० नोव्हेंबर २०२५ रोजी आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी मत्तयचे वर्ष पुन्हा सुरू झाले, आणि त्या दिवसापासून मुद्रणाच्या आरंभी एक बहीण रविवारचे नाव सांगतात, पहिले वाचन वाचतात, मग फादरांच्या आवाजातले शुभवर्तमान आणि त्यानंतर प्रवचन. लांबी आता चौदा-पंधरा मिनिटांवर गेली आहे, फाइलही थोडी जड झाली आहे, आणि तक्रार एकाही घरातून आलेली नाही. वाचन करणाऱ्या बहिणींचा स्वर संथ आहे, जोडाक्षरे स्वच्छ आहेत, फक्त त्या ध्वनिक्षेपकाच्या फार जवळ उभ्या राहतात, त्यामुळे "प" आणि "फ" यांवर फुंकर बसते. हातभर मागे सरकल्यास ते थांबेल.

अजून दोन गोष्टी व्हायच्या आहेत. आमच्या आळीतच दोन आज्यांना ऐकूच येत नाही, त्यांच्यासाठी प्रवचनाचा अर्ध्या पानाचा लेखी सारांश मोठ्या अक्षरात छापून पहिल्या शुक्रवारी ख्रिस्तप्रसादासोबत नेता येईल. लिहून काढायचे काम करायला मी तयार आहे आणि तसे कार्यालयात कळवले आहे. आणि पवित्र सप्ताहात मुद्रण बंद असते, कारण ते दोन तरुण त्या दिवसांत मिरवणुकीच्या आणि गाण्याच्या कामात असतात. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) दुपारी तीन वाजता आई पलंगावर उठून बसते आणि घंटा वाजत नाही तरी देवळाच्या दिशेने पाहत राहते. त्या दिवशीचे प्रवचन पाच मिनिटांचे असले तरी चालेल, पण ते यायला हवे.